दुकानात ठणठणीत, घरी आल्यावर आजारी: माशांच्या पिल्लांचं क्वारंटाईन म्हणजे नेमकं काय करायचं

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली की आपल्याकडे जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार सगळीकडच्या फिश टँकवाल्यांचं एकच गाऱ्हाणं सुरू होतं, "काय भो, काल आणेल मासा आज मरी गया." दुकानात तर छान पळत होता, रंग चांगला होता, मग रात्रीतून झालं काय? लोक दुकानदाराला बोल लावतात, दुकानदार म्हणतो तुमचं पाणी खराब, आणि मधल्यामध्ये ते नखाएवढं गप्पीचं किंवा मॉलीचं पिल्लू बिचारं जातं. जुने लोक मग सल्ला देतात की आधी क्वारंटाईन कर, आणि नवीन माणसाला प्रश्न पडतो की म्हणजे नक्की काय करू, औषध टाकू की नुसतं वेगळं ठेवू?

नवीन आणलेले मासे मोठ्या टाकीत सोडायच्या आधी काही आठवडे वेगळ्या साध्या टाकीत ठेवायचे, एवढंच क्वारंटाईन. आपल्या भागातल्या माणसाला हे केळीवरून पटकन कळेल. टिश्यू कल्चरचं रोप लॅबमधून निघालं की कोणी डायरेक्ट शेतात लावत नाही, आधी ग्रीनहाऊस, मग शेडनेट, तिथं ते हळूहळू उन्हाला नि हवेला सरावतं आणि त्यातलं रोगट रोप काढूनही टाकता येतं, ह्याला आपण हार्डनिंग म्हणतो. माशाच्या पिल्लाचंही तसंच, फरक एवढाच की रोपाला दिवसातून पाच वेळा भरवावं लागत नाही आणि रोप स्वतःच्याच घाणीत पोहत नाही. आणि ह्या दोन गोष्टींतच क्वारंटाईनची सगळी मेख आहे. माझं तर स्पष्ट मत आहे की क्वारंटाईनमध्ये पिल्लं बरी होतात ती पाण्यामुळे, औषधाचा नंबर फार नंतर लागतो, आणि लोक नेमकं उलटं करतात.

पिशवीत काय घडतं

आपल्याकडे दुकानात येणारे बरेच मासे कोलकात्याच्या बाजूने, चेन्नईच्या कोळथूरहून नाहीतर मुंबईच्या कुर्ल्याहून येतात. थर्माकोलच्या बॉक्समध्ये पिशव्या, पिशवीत थोडं पाणी आणि वर ऑक्सिजन. प्रवासात पाणी घाण होऊ नये म्हणून पाठवायच्या आधी त्यांना उपाशी ठेवतात. म्हणजे पिल्लू दुकानात पोचलं तेव्हाच एक-दोन दिवसांचं उपाशी, घाबरलेलं, एकमेकांना घासलेलं असतं, आणि तिथून परत जाळीने पकडून तुमच्या पिशवीत.

माशाच्या अंगावर एक चिकट थर असतो, हात लावला तर बुळबुळीत लागतो तो, आणि तोच त्याचा पहिला बचाव. जाळीत फडफडलं की हा थर खरवडला जातो. म्हणून पिल्लं पकडायला जाळीपेक्षा पाण्याचा मग किंवा प्लास्टिकचा ग्लास बरा, पाण्यासकट उचलायचं.

आता अमोनिया. हा एक शब्द नीट समजून घ्या, पुढे सारखा लागणार आहे. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. पाण्यात त्याची दोन रूपं असतात, एक बरंचसं निरुपद्रवी आणि एक जहरी. पाणी आम्ल बाजूला असलं तर बहुतेक सगळा निरुपद्रवी रूपात राहतो, पाणी क्षारीय झालं की जहरी वाटा वाढतो. पाणी किती आम्ल, किती क्षारीय हे मोजायचा आकडा म्हणजे पीएच. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला साधारण अर्धा टक्का जहरी असतो, पीएच ८ झाला की साधारण ५ टक्के. म्हणजे घाण तेवढीच आणि विष दहापट.

पिशवी बंद असते तेव्हा माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड आतच साठतो, त्याने पाणी आम्ल होतं आणि अमोनिया दबून राहतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, पीएच वर चढतो आणि तेच पाणी बघता बघता जहरी होतं. म्हणून लांबून आलेली पार्सलची पिशवी उघडून तिच्यात तासन्‌तास थेंब थेंब पाणी मिसळत बसू नका. पिशवी बंद असतानाच टाकीच्या पाण्यावर १५-२० मिनिटं तरंगत ठेवा, तापमान सारखं झालं की उघडा, दोन-चार वेळा टाकीतलं थोडं थोडं पाणी घाला आणि पिल्लं ग्लासने अलगद उचलून टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेला मासा असेल तर सावकाश मिसळलं तरी चालतं, त्यात अमोनिया साठायला वेळच मिळालेला नसतो.

आपलं बोअरचं पाणी आणि नळाचं पाणी

खान्देशात खाली काळा पाषाण, बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, क्षाराचं, भांड्यावर पांढरे डाग पडतात ते हेच. असल्या पाण्याचा पीएच बऱ्याचदा ७.५ ते ८ च्या वर असतो. वर सांगितलेला हिशोब आठवा, मऊ पाण्याच्या गावात जेवढी घाण मासा सहन करेल तेवढीच घाण आपल्याकडे त्याला मारू शकते. गप्पी, मॉली, प्लॅटी ह्यांना जड पाणी मानवतं, उलट आवडतं, पण निऑन टेट्रा, डिस्कस असले मासे मऊ पाण्यातले, त्यांच्या पिल्लांना बोअरच्या पाण्यात सोडायचं असेल तर आधी विचार करा.

नळाच्या पाण्याचं वेगळंच. त्यात क्लोरीन असतो, गावाकडे ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते आणि पावसाळ्यात जास्त टाकते. क्लोरीन माशाचे कल्ले भाजून काढतो आणि पिल्लाचे कल्ले तर फारच नाजूक. आपल्याकडे बऱ्याच गावांत नळाला रोज पाणी येत नाही, चार-चार दिवस साठवावं लागतं, ही एरवी डोकेदुखी पण इथं कामाला येते, कारण उघड्या ड्रममध्ये एक दिवस ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो, एअर पंप लावला तर अजून लवकर. झाकणबंद टाकीतला तसा उडत नाही हे लक्षात ठेवा. घाई असेल तर दुकानात अँटीक्लोर मिळतं, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ते लगेच क्लोरीन मारतं. आणि मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं तापलेलं पाणी कधीही डायरेक्ट घालायचं नाही.

क्वारंटाईन टाकीला काय काय लागतं

फार काही नाही. २०-२५ लिटरचा काचेचा टँक किंवा साधा प्लास्टिकचा टब, फक्त त्यात आधी फिनाईल, सर्फ काही पडलेलं नको. एअर पंप, स्पंज फिल्टर, थर्मामीटर, थंडीत हीटर. खाली वाळू-गोटे काही टाकायचं नाही, बूड उघडं पाहिजे म्हणजे उरलेलं खाणं दिसतं आणि विष्ठाही दिसते, विष्ठेवरून बरंच कळतं ते पुढे सांगतो. लपायला पाइपचे दोन तुकडे किंवा प्लास्टिकची झाडं. तीन बाजूंना काळा कागद लावा, उजेड कमी ठेवा, घाबरलेलं पिल्लू अंधारात लवकर शांत होतं.

खरी मेख स्पंजमध्ये आहे. अमोनिया खाणारे जिवाणू असतात, एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे जिवाणू कोऱ्या टाकीत नसतात, आपोआप वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही नवा टब भरला, नवा स्पंज लावला, पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय, तरी चार दिवसांत अमोनिया चढणारच. म्हणून ज्यांच्याकडे आधीची टाकी आहे त्यांनी एक जादा स्पंज कायम तिच्यात चालू ठेवावा, नवे मासे आणायचे त्या दिवशी तो काढून टबमध्ये लावायचा, जिवाणू तयार मिळतात. हा जुना स्पंज कुठल्याही औषधापेक्षा जास्त पिल्लं वाचवतो. तो नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात, टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

ज्यांची पहिलीच टाकी आहे त्यांनी एखाद्या जाणकाराकडून वापरलेला स्पंज मागून घ्यावा, पण त्याच्याकडे रोगराई नाही ना हे विचारून. अमोनियाचं थेंबवालं टेस्ट किटही घ्या, काही शे रुपयांत येतं. डोळ्याला अमोनिया दिसत नाही.

खायला कमी द्यायचं की जास्त?

इथं लोकांचा फार गोंधळ होतो कारण दोन्ही बाजूंनी सल्ले बरोबर असतात. मोठा मासा आजारी असेल तर दोन-तीन दिवस उपाशी ठेवला तरी त्याचं काही बिघडत नाही, पाणी स्वच्छ राहतं. पण पिल्लाच्या अंगात साठाच नसतो. त्याची वाढ चालू असते, पोट एवढंसं, एका वेळी मावत नाही, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं लागतंच, नाहीतर पोट आत जातं, पाठ बारीक होते आणि मग ते परत खायलाच लागत नाही. पण जास्त खाणं म्हणजे जास्त अमोनिया. ह्यातून एकच वाट आहे, भरवायचं आणि रोज पाणी बदलायचं.

रोज साधारण पाव टाकी. आता पिल्लांच्या टाकीत जाड सायफन लावला तर पिल्लंच ओढली जातात, म्हणून एअर पंपाची बारीक नळी घ्यायची, तिला एक काडी बांधायची म्हणजे सरळ राहते, आणि बुडावरची घाण टिपत टिपत पाणी पांढऱ्या बादलीत काढायचं. पांढरी बादली अशासाठी की चुकून एखादं पिल्लू आलंच तर दिसतं. नळी तोंडाने ओढू नका, आधी पाण्यात बुडवून भरून घ्या. नवं पाणी त्याच तापमानाचं, आणि तेही बारीक नळीनेच थेंबाथेंबाने सोडा, बादली उलथी करू नका.

पहिल्या दिवशी आल्या आल्या खाणं नको, काही तास जाऊ द्या. मग सगळ्यात चांगलं म्हणजे अंड्यातून ताजं फोडलेलं आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे अगदी बारके जीव. एक लिटर पाण्यात २०-२५ ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर आर्टेमियाची अंडी, खालून जोरात हवा, २८ अंशांच्या आसपास तापमान, की २४ ते ३६ तासांत केशरी ठिपके पळताना दिसतात. हवा बंद करून बाटलीच्या खालच्या बाजूला टॉर्च धरला की जिवंत पिल्लं उजेडाकडे जमतात आणि रिकामी टरफलं वर तरंगतात, मग खालची नळीने ओढून चहाच्या गाळणीपेक्षा बारीक कापडात गाळून गोड्या पाण्यात धुऊन द्यायची. दहा मिनिटांनी गप्पीचं पिल्लू बघा, आरपार दिसणारं पोट केशरी झालेलं असतं, म्हणजे खाल्लं ह्याची खात्री. ज्याचं पोट केशरी झालं नाही त्याच्यावर लक्ष ठेवायचं. हे नसेल तर चांगलं फ्लेक बोटांत चुरून पीठ करून द्या. उकडलेल्या अंड्याचं बलक बरेच जण देतात, पण ते पाणी फार लवकर नासवतं, मी तरी सांगणार नाही.

रोज सकाळी काय बघायचं

वेगळं ठेवण्याचा अर्धा उद्देश नीट बघता यावं हा आहे. सकाळी लाइट लावायच्या आधी मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा, समोरून नाही. अंगावर सोनेरी-तांबूस धुळीसारखं चमकलं तर तो व्हेल्वेट नावाचा परजीवी, हा नुसत्या उजेडात दिसत नाही, तिरप्या टॉर्चमध्येच दिसतो, आणि पिल्लांना फार लवकर मारतो. रव्याच्या कणाएवढे सुटे पांढरे ठिपके म्हणजे व्हाईट स्पॉट, सगळ्यात कॉमन रोग. तोंडाभोवती किंवा पाठीवर कापसासारखा मळकट पांढरा पट्टा असेल तर लोक फंगस म्हणतात, पण बऱ्याचदा ते कॉलमनॅरिस असतं, म्हणजे जिवाणूंचा संसर्ग.

पंख अंगाला मिटून एका कोपऱ्यात उभा, मॉली जागच्या जागी थरथरतेय, पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेतोय, वस्तूला अंग घासतोय, ह्या सगळ्या खुणा. कल्ल्यांची हालचाल बघा, एकाच वयाच्या पिल्लांत एकाची इतरांपेक्षा स्पष्ट जोरात चालू असेल तर कल्ल्यांना काहीतरी त्रास आहे. विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी लोंबत असेल तर आतड्यात गडबड असू शकते. गप्पीच्या मागच्या भोकातून लालसर बारीक दोरे बाहेर दिसले तर ते कॅमॅलॅनस जंत, त्याला मीठ-बीठ चालत नाही, लेव्हामिसोल नावाचं जंताचं औषध लागतं आणि डोस जाणकाराला विचारूनच.

पण एक सांगतो. ह्यातलं काहीही दिसलं तरी पहिलं काम अमोनिया तपासायचं आणि पाणी बदलायचं. कारण थरथरणं, वर येऊन हवा घेणं, पंख मिटणं हे सगळं नुसत्या घाण पाण्यानेही होतं, आणि तेव्हा औषध टाकणं म्हणजे गुदमरलेल्याच्या तोंडावर अजून एक कापड.

"पण मीठ टाकलं की झालं ना?"

मीठ खरंच उपयोगी आहे, का ते समजून घ्या. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळे पाणी सारखं कल्ल्यांतून नि अंगातून आत शिरत असतं आणि किडनी ते सारखं बाहेर फेकत असते. अंगावरचा चिकट थर खरवडला गेला की आत शिरणारं पाणी वाढतं. पाण्यात लिटरला एक ते दोन ग्रॅम मीठ टाकलं की फरक कमी होतो, किडनीचं काम हलकं होतं आणि वाचलेली ताकद बरं व्हायला मिळते. दुसरा फायदा नायट्राइटचा. नायट्राइट रक्तात गेला तर रक्त तपकिरी पडतं आणि ऑक्सिजन वाहून नेत नाही, मिठातला क्लोराइड कल्ल्यांवर त्याची वाट अडवतो.

साधं खडे मीठ घ्या, वेगळ्या भांड्यात विरघळवून दिवसभरात तीन-चार वेळा करून घाला, खडे डायरेक्ट टाकीत नको. पाणी उडून कमी झालं तर मीठ उडत नाही, म्हणून वरून घालायचं ते बिनमिठाचं, आणि पाणी बदललं तर जेवढं काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ. इथं चुकलं की आठवड्यात मीठ दुप्पट झालेलं असतं. गप्पी-मॉलीला मीठ मानवतं, काही फार्मवर त्यांना खारट पाण्यातच वाढवतात. कोरी (कोरिडोरास) माशांच्या आणि टेट्रांच्या पिल्लांना कमीच. आणि मीठ म्हणजे सगळ्या रोगांवरचं औषध नाही, आतल्या जंतांवर त्याचा काही उपयोग नाही.

"मेडिकलमधून कॅप्सूल आणून टाकली तर?"

टेट्रासायक्लीनची कॅप्सूल फोडून टाकायची सवय आपल्याकडे फार आहे. ह्यातली गंमत नाही, नुकसान सांगतो. टेट्रासायक्लीन पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला चिकटतं आणि निकामी होतं, आणि आपलं बोअरचं पाणी तर त्याचंच भरलेलं. म्हणजे रोगजंतूला पुरेसा डोस मिळत नाही, उलट अर्धवट डोसने जंतू सरावतात, आणि औषधाने स्पंजमधले चांगले जिवाणू मेले तर दोन दिवसांनी अमोनिया चढतो. मासा मग त्याने जातो आणि आपण म्हणतो रोगच जबर होता.

मिथिलीन ब्लू अंड्यांवर आणि बुरशीवर चांगलं, पण तेही स्पंजमधल्या जिवाणूंना मारतं, वापरायचंच तर स्पंज काढून, आणि मग पाणी रोज जास्त बदलावं लागतं. मॅलाकाईट ग्रीनवाली औषधं बिनखवल्याच्या माशांना जड जातात, हातात ग्लोव्हज घालूनच वापरा. तांब्याची औषधं कोळंबी आणि गोगलगायी मारतात. काहीच दिसत नसताना "सेफ्टी म्हणून" तीन औषधं एकत्र टाकणं तर नकोच, नखाएवढ्या जिवाचं लिव्हर-किडनी केवढं असणार?

व्हाईट स्पॉटला गरम, कॉलमनॅरिसला गरम नको

व्हाईट स्पॉटच्या परजीवीचं आयुष्य तीन टप्प्यांत जातं. आधी माशाच्या कातडीखाली, तो पांढरा ठिपका. मग खाली पडून गोळा होतो आणि त्यात शेकडो बारके तयार होतात. मग ते पाण्यात सुटतात आणि साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध असो की मीठ, ते फक्त ह्या पाण्यात सुटलेल्यांना मारतं, कातडीखालच्याला काही होत नाही. म्हणून ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नाही, ते फक्त खाली पडलेत. २५ अंशांना हा फेरा साधारण आठवड्याचा, थंड पाण्यात कितीतरी लांबतो. म्हणून तापमान हळूहळू, दिवसाला दोन अंशांपेक्षा जास्त नाही, असं ३० पर्यंत नेतात, फेरा लवकर उरकतो आणि बहुतेक वेळा एवढ्या उष्णतेत परजीवी वाढत नाही. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही चार-पाच दिवस उपचार चालू ठेवा.

कॉलमनॅरिसला मात्र ऊब आवडते, गरम केलं तर एक-दोन दिवसांत अख्खी टाकी साफ. तिथं तापमान २४-२५ च्या आसपासच ठेवायचं. म्हणून आधी ओळखायचं आणि मग हीटर फिरवायचा.

आपल्याकडे थंडीच्या लाटेत धुळ्याचा पारा ६ अंशांच्या आसपास गेल्याच्या बातम्या येतात आणि दुपारी पुन्हा ऊन असतं. मोठ्या टाकीला ह्याचा फार झटका बसत नाही, २० लिटरच्या टबला बसतो, आणि हा दिवस-रात्रीचा फरकच पिल्लाची ताकद मोडतो. लिटरला एक वॉट ह्या हिशोबाने हीटर, टबाच्या भिंतीपासून दूर, आणि चारी बाजूंनी थर्माकोल लावा, मासे आले त्याच बॉक्सचा चालतो. लाइट गेली तरी थर्माकोलमुळे पाणी सावकाश थंड होतं.

मे महिन्यात उलटं. भुसावळला ४५ अंश असताना घरातलं पाणी सहज ३३-३४ ला जातं. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३५ ला सातच्याही खाली, आणि गरम पाण्यात माशाला ऑक्सिजन लागतो मात्र जास्त. बर्फाची बाटली टाकू नका, झटका बसतो. टबाच्या पाण्यावरून छोटा टेबलफॅन चालवा, आपली हवा कोरडी असल्याने कूलर जसा चालतो तसंच पाणी उडून दोन-तीन अंश उतरतं. एअर पंप चोवीस तास, आणि बॅटरीवर चालणारा एक जवळ ठेवलेला बरा, लोडशेडिंगमध्ये पहिला जीव ऑक्सिजनवाचून जातो.

"आठवड्यात छान दिसतात की, चार आठवडे कशाला?"

कारण बऱ्याच गोष्टी आठवड्यात दिसत नाहीत. व्हाईट स्पॉटचा फेरा थंडीत लांबतो. कल्ल्यांवरचे फ्लूक नावाचे बारके जंत अंडी घालतात, अंड्यांवर औषध चालत नाही, ती फुटल्यावर दुसरा डोस द्यावा लागतो. कॅमॅलॅनस तर मोठा होईपर्यंत बाहेर डोकावतच नाही. म्हणून चार आठवडे, आणि मधे रोग निघाला तर तो पूर्ण बरा झाल्यावर परत नव्याने मोजायचं. ह्या काळात त्याच टबात दुसरे नवे मासे टाकायचे नाहीत, टाकले की दिवस पुन्हा शून्यावर.

"वीस-तीस रुपयांच्या माशासाठी एवढा खटाटोप?"

हे बरेच लोक तोंडावर विचारतात. मोठ्या टाकीतले जुने मासे, झाडं, वर्षभराची मेहनत ह्याचा हिशोब करा. एका वीस रुपयांच्या गप्पीबरोबर आलेला परजीवी ते सगळं घेऊन जाऊ शकतो, आणि मोठ्या टाकीत औषध टाकायचं म्हणजे लिटर जास्त, खर्च जास्त, झाडं नि गोगलगायी गेल्या. टबात तेच काम चिमूटभर औषधात होतं. २०२० ला प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली, शोभेच्या माशांच्या युनिटला त्यात अनुदान ठेवलं गेलं, आपल्याकडचीही पोरं ह्यात उतरायचा विचार करतायत. त्यांनी तर वेगळ्या टाक्यांची जागा नकाशातच धरावी, एक लॉट बाधित आला तर सगळी बॅच जाते.

आणि मला स्वतःला तरी पैशाचं गणित दुय्यम वाटतं. जीव आपण विकत आणलाय, त्याला बंद काचेत ठेवलंय, तो कुठं जाऊन स्वतःचं बघू शकत नाही. मग बघायचं आपणच.

दोन गोष्टी माणसांच्याही आहेत. माशांच्या टीबीचा एक जंतू हातावरच्या जखमेतून माणसाला होतो, महिनोन्‌महिने न बरी होणारी गाठ येते, त्यामुळे हाताला कापलेलं असेल तर टाकीत हात घालू नका आणि नंतर साबणाने धुवा. आणि टाकीतले आजारी किंवा नकोसे झालेले मासे गिरणेत, तापीत, गावच्या तलावात सोडू नका. उजनी धरणात टाकीतल्या सकर माशांनी मच्छीमारांची जाळी फाडल्याचं वाचलं असेलच.

मोठ्या टाकीत सोडताना

चार आठवडे झाले, सगळे खातात, पोटं गोल, नवीन काही दिसत नाही, तरी एक पायरी राहते. नव्यांना जुन्या टाकीतल्या जंतूंची सवय नसते आणि जुन्यांना नव्यांच्या. म्हणून शेवटच्या आठवड्यात टबाचं पाणी बदलताना मोठ्या टाकीतलं पाणी घाला, आणि जमलं तर मोठ्या टाकीतला एक काटक मासा काही दिवस टबात ठेवा. तो ठीक राहिला तर पुढे जा. पिल्लं जुन्या माशांच्या तोंडात मावतील एवढी लहान असतील तर अजून थांबा, एंजलला नि ऑस्करला पिल्लू म्हणजे खाणंच. सोडायचं ते संध्याकाळी लाइट बंद करून, जुन्यांना आधी पोटभर खायला घालून.

टब रिकामा झाला की जाळी, नळी, ग्लास, थर्मामीटर सगळं ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवून, खळखळून धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा, परजीवींना कोरडं सोसत नाही आणि ऊन आपल्याकडे भरपूर आहे. ह्या टबाची जाळी कायम ह्याच टबाची, मोठ्या टाकीत नाही. रोग काहीच निघाला नसेल तर स्पंज परत मोठ्या टाकीत चालू ठेवा म्हणजे पुढच्या वेळेला तयार, आणि निघाला असेल तर तो फेकून द्या, नव्या स्पंजला किती पैसे लागतात ह्याचा विचार करू नका.